जुन्या अंकदर्शी व्होल्टमापकांची पारख

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अथवा कारखान्याच्या परीक्षण-विभागात पंचवीस-तीस वर्षे मेजावर बसून असलेल्या अंकदर्शी व्होल्टमापकाच्या वाट्यास दोन प्रकारचा अन्याय येतो. कोणी तो जुना झाला एवढ्याच कारणाने त्यास लिलावाच्या यादीत घालतो. कोणी त्याच्या दर्शनी पाटीवर सहा-सात आकडे झळकतात एवढ्याच कारणाने त्याचे प्रत्येक वाचन वेदवाक्य मानतो. दोन्ही समजुती एकाच अज्ञानातून निघालेल्या आहेत. उपकरणाचे वय आणि त्यावरील आकड्यांची संख्या या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. ज्या गुणावर त्याची खरी किंमत अवलंबून असते तो गुण मात्र एका दिवसाच्या पाहणीत दिसत नाही.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद व गुरुग्राम या राजधानी परिसरात अशा उपकरणांची वाण नाही. विद्यापीठांच्या व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कपाटांत ती आहेत, लहान कारखान्यांत ती अजून रोज राबत आहेत, आणि मोडीत निघालेली मायापुरीच्या भंगारबाजारातही येऊन पडतात. त्यांतील कोणते ठेवावे, कोणते टाकावे आणि ठेवलेल्यावर कितपत विसंबावे, हा निर्णय सध्या बहुधा भांडारपाल किंवा लेखापाल घेतो. तो प्रयोगशाळेतील मोजणाऱ्या माणसाने घ्यावा.

प्रथम तीन गुणांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. उपकरणाने दाखविलेला आकडा खऱ्या मूल्याच्या जवळ असणे ही अचूकता होय. तेच मूल्य लागोपाठ शंभर वेळा मोजले असता शंभर आकडे एकमेकांच्या जवळ पडणे हा नेमकेपणा होय. आणि आज मिळालेला आकडा पुढील महिन्यात, पुढील वर्षी तसाच मिळणे हे स्थैर्य होय. व्यवहारात अचूकतेचाच गाजावाजा होतो. परंतु अचूकता ही प्रमाणाशी ताडून पाहून केव्हाही विकत घेता येते. उपकरण दहा व्होल्टांस तीनशे मायक्रोव्होल्ट जास्त दाखवीत असेल आणि वर्षानुवर्षे तेवढेच जास्त दाखवीत असेल, तर तेवढे वजा करून काम भागते. स्थैर्य मात्र असे विकत मिळत नाही.

याचे एक उदाहरण सध्याच्या उद्योगातून घेता येईल. विजेवर चालणाऱ्या रिक्षा दिल्लीच्या प्रत्येक मेट्रो स्थानकाबाहेर उभ्या असतात, आणि त्यांतील पुष्कळांत आता लिथियम घटांचे संच बसू लागले आहेत. घट निवडताना त्यांचा उघड्या टोकांचा विद्युत् दाब एकदा मोजतात, काही दिवस ते तसेच ठेवतात आणि पुन्हा मोजतात. ज्या घटाचा दाब इतरांपेक्षा अधिक उतरला तो आतून गळका समजून बाजूला काढतात. चांगल्या व गळक्या घटांच्या उतरणीतील फरक पुष्कळदा एक-दोन मिलिव्होल्टांचाच असतो. आता समजा, मोजणारे उपकरण स्वस्तातले असून त्याचे वाचन उष्णतामानाच्या दर अंशास दशलक्ष भागांत पन्नास भागांनी सरकते. ३.७ व्होल्टांच्या घटावर ही सरक दर अंशास १८५ मायक्रोव्होल्ट होते. पहिल्या मोजणीच्या दिवशी खोलीचे उष्णतामान २५ अंश होते आणि दुसऱ्या मोजणीच्या दिवशी वातानुकूलन बंद पडून ते ३० झाले, एवढ्यानेच सुमारे ०.९ मिलिव्होल्टांचा फरक पडेल. (घटाचा स्वतःचा दाबही उष्णतामानाने बदलतो, ही गुंतागुंत निराळी.) अशा वेळी चांगला घट टाकला जातो किंवा गळका घट प्रवाशांच्या आसनाखाली जाऊन बसतो. या कामात व्होल्टमापकाने खरा व्होल्ट दाखविला की नाही याला फारसे महत्त्व नाही. दोन मोजण्यांच्या दरम्यान तो स्वतः बदलला की नाही, याला सर्व महत्त्व आहे.

अंकदर्शी व्होल्टमापकाची सुरुवात अमेरिकेत अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या संस्थेने १९५२ च्या सुमारास केली. पुढे रूढ झालेल्या रचनेचे तत्त्व सोपे आहे. मोजावयाचा दाब ठरावीक काळ एका धारित्रात साठू द्यावयाचा आणि मग उपकरणाच्या पोटातील संदर्भ-दाबाच्या साहाय्याने तो साठा रिकामा होण्यास किती वेळ लागतो ते मोजावयाचे. काळ मोजणे हे विद्युत् तंत्रात फार सूक्ष्मपणे साधते. म्हणून दाबाचे मापन काळाच्या मापनात रूपांतरित होते. या युक्तीत धारित्राचे नेमके मूल्य काय आहे यास महत्त्व उरत नाही, कारण साठविणे व रिकामे करणे ही दोन्ही कामे तेच धारित्र करते. उरतो तो संदर्भ-दाब. चांगल्या जुन्या उपकरणांत तो झेनर डायोडातून मिळविलेला असतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्या डायोडास स्वतःची लहानशी भट्टी दिलेली असते, म्हणजे बाहेर दिल्लीचा पौष असो वा ज्येष्ठ, त्याचे उष्णतामान बदलत नाही. सारा भार या एका घटकावर आहे. आणि त्याचा एक गुण असा की, तो जसजसा जुना होतो तसतशी त्याची सरक सामान्यतः मंदावते. पहिल्या वर्षी तो जेवढा सरकतो तेवढा दहाव्या वर्षी सरकत नाही. म्हणजे ज्या वयामुळे उपकरण लिलावाच्या यादीत जाते, तेच वय त्याच्या काळजाला मानवलेले असते.

आकड्यांच्या भुलीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. हेवलेट-पॅकार्ड कंपनीचा ३४४०१ए हा व्होल्टमापक अनेक प्रयोगशाळांना परिचित आहे. तो दहा व्होल्टांच्या पल्ल्यात दहा मायक्रोव्होल्टांपर्यंतचा आकडा दाखवितो. निर्मात्याने एका वर्षासाठी दिलेली हमी मात्र वाचनाच्या दशलक्ष भागांत ३५ भाग आणि पल्ल्याच्या दशलक्ष भागांत ५ भाग अशी आहे. म्हणजे पूर्ण दहा व्होल्टांवर ४०० मायक्रोव्होल्ट. शेवटच्या स्थानाचे चाळीस एकक इकडे-तिकडे झाले तरी निर्माता दोषी ठरत नाही. यात लबाडी काही नाही. शेवटचे आकडे आजच्या दोन मोजण्यांतील फरक दाखविण्यासाठी आहेत, खरा व्होल्ट सांगण्यासाठी नव्हेत. हमी हा त्या जातीच्या सर्व उपकरणांचा सामुदायिक करार होय; त्यांतील एखादे विशिष्ट उपकरण प्रत्यक्षात त्याहून कितीतरी स्थिर असू शकते. ते तसे आहे की नाही हे ज्याने त्याची नोंद ठेवली त्यालाच ठाऊक असते.

खरा व्होल्ट कोठे असतो? भारतात त्याचे घर दिल्लीतच पुसा येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. तिची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी बसविली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेलांनी तिचे उद्‌घाटन केले, डॉ. कार्यमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन हे तिचे पहिले संचालक. सामान्य माणसाला ही संस्था मतदानाच्या वेळी बोटाला लागणाऱ्या न पुसणाऱ्या शाईमुळे किंवा भारतीय प्रमाण वेळेमुळे माहीत असते. परंतु देशातील मीटर, किलोग्रॅम, व्होल्ट यांची राखण हे तिचे मुख्य कर्तव्य होय. पूर्वी जगभर व्होल्टची राखण वेस्टनच्या प्रमाण घटाने होत असे. सुमारे १.०१८६ व्होल्टांचा हा काचेतला घट उष्णतामानास, हालचालीस, एवढेच काय वाकविण्यासही इतका हळवा असे की त्यास तेलाच्या कुंडात ठेवून जपावे लागे. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली भाकीत केलेल्या परिणामामुळे व्होल्टची व्याख्या वारंवारतेशी, म्हणजे पर्यायाने काळाशी, बांधता आली आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतील प्रमाण घटांचे राज्य संपले.

या स्थित्यंतराचा जुन्या उपकरणांच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १ जानेवारी १९९० रोजी जोसेफसन स्थिरांकाचे एकच मूल्य सर्व देशांनी स्वीकारले, तेव्हा अमेरिकेचा व्होल्ट दशलक्ष भागांत ९.२६ भागांनी वाढला. आदल्या दिवशी तेथे १०.००००००० व्होल्ट म्हणून नोंदविलेला दाब दुसऱ्या दिवशी ९.९९९९०७४ व्होल्ट झाला. उपकरण हलले नव्हते, दाबही हलला नव्हता. १९८० च्या दशकातील आयात केलेल्या व्होल्टमापकाची जुनी प्रमाणपत्रे कोणी आज चाळू लागला, तर ही पायरी त्यास उपकरणाची सरक वाटेल. त्यानंतर २० मे २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीची नवी व्याख्या अंमलात आली, तेव्हाचा बदल दशलक्ष भागांत सुमारे ०.१ भाग, म्हणजे दहा व्होल्टांस सुमारे एक मायक्रोव्होल्ट होता. तो मेजावरच्या उपकरणांना जाणवण्याजोगा नव्हता.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळावे. तीसाठी महागडी साधने लागतात ही समजूत खरी नाही. लागतो तो धीर. उपकरण निदान एक दिवस-रात्र चालू ठेवावे. वर्षानुवर्षे बंद पडलेले असेल तर आठवडाभर. मग निवेशाची दोन टोके स्वच्छ, उघड्या तांब्याच्या तारेने जोडून तासभर शून्य पाहावे. तार घासून चकचकीत केलेली असावी, हा आग्रह उगाच नाही. तांबे व तांबे यांच्या स्वच्छ जोडात उष्णतामानाच्या दर अंशास ०.२ मायक्रोव्होल्टांहून कमी दाब उत्पन्न होतो. तोच जोड तांबे व तांब्याचा गंज यांचा झाला तर सुमारे एक हजार मायक्रोव्होल्ट. पावसाळ्यात काळवंडलेल्या तारेने शून्य तपासणारा मनुष्य वस्तुतः तारेची परीक्षा करीत असतो.

शून्यानंतर ध्रुव उलटवून पाहावे. एकच घट सुलट व उलट जोडल्यावर दोन्ही आकडे चिन्ह सोडून सारखे यावेत. मग त्याहून महत्त्वाची परीक्षा बेरजेची. दीड व्होल्टांचे दोन ताजे घट घ्यावेत; पहिला मोजावा, दुसरा मोजावा, दोघांची मालिका मोजावी, आणि पुन्हा दुसरा व पहिला मोजावा, म्हणजे मधल्या काळात घटच उतरले असतील तर ते कळेल. प्रत्येक वाचनातून शून्याची चूक वजा केल्यावर दोन घटांची बेरीज मालिकेच्या वाचनाइतकी यावयास हवी. पल्ला मात्र आपोआप बदलू देता कामा नये. पल्ला बदलला की दोन निराळ्या उपकरणांची तुलना केल्यासारखे होते. दोनाऐवजी सहा घट घेतले तर नऊ व्होल्टांपर्यंत ही परीक्षा नेता येते. हिला कोणतेही प्रमाण लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, आणि तरीही उपकरणाच्या मोजपट्टीच्या रेषा सारख्या अंतरावर आहेत की नाहीत हे ती निर्विवाद सांगते. भौतिकीच्या पदवी-वर्गास हा प्रयोग अजून कसा नेमलेला नाही याचे नवल वाटते.

निवेशावर एक कोटी ओहमांचा रोधक जोडून पाहणे ही जुन्या उपकरणांच्या बाबतीत विशेष उपयुक्त परीक्षा होय. उपकरणातून अवघा दहा पिकोअँपिअर प्रवाह गळत असला तरी या रोधकावर शंभर मायक्रोव्होल्ट दिसतील. मंडल-फलकावर साचलेली धूळ आणि श्रावणातील दमट हवा यांच्या संयोगाने ही गळती अनेक पटींनी वाढते. तोच आकडा फाल्गुनात निराळा येईल. म्हणून परीक्षा दोन्ही ऋतूंत करावी.

आकडे नाचत असतील तर उपकरण म्हातारे झाले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच्या पाठीमागील वीज-वारंवारतेची खूण पाहावी. भारतातील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची आहे; तिच्या तारांतून उत्पन्न होणारा उपद्रव नाहीसा व्हावा म्हणून मोजणीचा काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवावा लागतो. अमेरिकेतून आलेले उपकरण साठ आवर्तनांसाठी, म्हणजे १६.६७ मिलिसेकंदांसाठी लावलेले असले, तर तो उपद्रव पुरता गळत नाही. एक कळ फिरविण्याने बरा होणारा हा दोष कित्येक उपकरणांच्या हकालपट्टीस कारण झाला असेल.

आणि शेवटची परीक्षा काळाची. तीस पर्याय नाही. एक स्थिर संदर्भ, मग तो झेनरचा असो वा दुसऱ्या चांगल्या व्होल्टमापकाचा, दर सोमवारी त्याच वेळी मोजून वाचन व खोलीचे उष्णतामान वहीत लिहावे. दोन उपकरणे असतील तर ती परस्परांपासून दूर जात आहेत एवढे कळेल. तीन असतील तर कोणते हलले तेही कळेल. दिल्लीतील खोलीचे उष्णतामान वर्षभरात इतके बदलते की उष्णतेचा परिणाम आपोआपच तपासला जातो. मात्र तो वयाच्या परिणामापासून वेगळा काढण्यासाठी निदान एक वर्ष लागते.

येथे एक शंका रास्त आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून दरवर्षी प्रमाणपत्र आणले आणि उपकरणावर चिठ्ठी चिकटविली की पुरे नाही का? गुरुग्रामात मुख्यालय असलेल्या एनएबीएल या मंडळाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळा हे काम चोख करतात. ओखल्यास केंद्र सरकारची परीक्षणशाळा आहे, मुंबईत चुनाभट्टी येथे ‘आयडेमी’ ही संस्था आहे. त्यांच्या कामाविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती ग्राहकाच्या समजुतीविषयी. या प्रयोगशाळा ज्या आयएसओ/आयईसी १७०२५ मानकाने बांधलेल्या आहेत ते मानकच सांगते की, ग्राहकाशी तसे ठरले नसेल तर प्रमाणपत्रात पुढील तपासणीच्या तारखेची शिफारस असू नये. तेच मानक असेही सांगते की, उपकरणाचे समायोजन केले असल्यास समायोजनापूर्वीचे व नंतरचे, असे दोन्ही निष्कर्ष उपलब्ध असतील तर द्यावेत. व्यवहारात काय होते? ग्राहक ‘व्यवस्थित करून द्या’ एवढेच सांगतो, समायोजनापूर्वीचा आकडा मागत नाही, आणि आलेले प्रमाणपत्र लेखापरीक्षणाच्या धारिकेत नाहीसे होते. ताडून पाहणे निराळे आणि कान पिळणे निराळे. हमीच्या मर्यादेत असलेल्या उपकरणाचे दरवर्षी समायोजन करणे म्हणजे त्याचा पूर्वेतिहास पुसून टाकणे होय. दहा वर्षांची दहा प्रमाणपत्रे असूनही ते किती सरकते हे मग कोणासही सांगता येत नाही.

नवे उपकरण घेतले म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान-केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. पाठोपाठ नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले. प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिल्यावर मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे हवामान खात्यास आढळले, आणि नागपूरचा आकडाही सदोष ठरला. या प्रकारात तपासणी झाली ती आकडा अविश्वसनीय होता म्हणून. तेच उपकरण अर्धाच अंश चुकले असते तर कोणी विचारलेही नसते. व्होल्टमापकांच्या बहुतेक चुका या अर्ध्या अंशाच्या जातीच्या असतात.

जुन्या उपकरणांची बाजू घेताना त्यांची व्यंगे झाकण्याचे कारण नाही. त्यांतील विद्युत्-विच्छेद्य धारित्रे कोरडी पडतात, कळांची टोके मळतात, खास बनविलेले घटक आता कोठेही मिळत नाहीत. झेनरच क्षणाक्षणाला उड्या मारू लागला असेल तर त्या उपकरणास निरोप द्यावा. संदर्भ-घटक बदलला असेल तर उपकरणाचे वय शून्यापासून मोजावे. जुन्या नोंदींचा त्यास काही आधार राहिलेला नसतो. १९८० च्या दशकातील पुष्कळ उपकरणांत, उदाहरणार्थ हेवलेट-पॅकार्डच्या ३४७८ए मध्ये, अंशशोधनाचे सर्व स्थिरांक एका लहानशा लिथियम घटाच्या आधाराने स्मृतीत टिकून असतात. तो घट संपला की उपकरण धडधाकट असूनही आपला व्होल्ट विसरते. वेळ गेलेली नसेल तर स्थिरांक आधी उतरवून घ्यावेत आणि स्मृतीचा वीजपुरवठा तुटू न देता, जाणत्या हाताने घट बदलावा. हे काम ज्या वर्षी झाले ते वर्ष वहीत हवे.

वहीचा हा आग्रह उपकरण हस्तांतरित होतानाही धरला पाहिजे. २०१० साली एका विद्यापीठाने भंगार म्हणून विकलेल्या जुन्या किरणोत्सर्गी यंत्रातील कोबाल्ट मायापुरीत उघड्यावर आले आणि एका कामगाराचा जीव गेला. व्होल्टमापकाने कोणाचा जीव जात नाही. पण यंत्र गेले आणि त्याची हकीकत मागे राहिली, हा प्रमाद दोन्हीकडे एकच.

राजधानी परिसरातील महाविद्यालयांना एक गोष्ट सहज करता येण्याजोगी आहे. दहा व्होल्टांचा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा एक झेनर-संदर्भ आठ-दहा संस्थांनी मिळून घ्यावा. तो पुसा येथे तपासून घेऊन प्रत्येक संस्थेत दोन-दोन दिवस फिरवावा; मेट्रोच्या एका फेरीत तो चालू अवस्थेत पुढच्या संस्थेत पोहोचतो. प्रत्येकाने आपल्या जुन्या व्होल्टमापकाचे वाचन, खोलीचे उष्णतामान आणि दिनांक लिहून तो पुढे धाडावा, उपकरणाला हात लावू नये. फेरी पुरी झाल्यावर संदर्भ पुन्हा पुसा येथे तपासावा. जाताना व येताना त्याचे मूल्य तेच निघाले तर सर्वांच्या नोंदी ग्राह्य. न निघाले तर ती फेरी रद्द समजून पावसाळा सरल्यावर दुसरी काढावी.